शेक संपले, दात राहिले

1. शेक म्हणजे रेडिएशन सुरू होण्याआधी दात दाखवायचेच. गालाचा कॅन्सर आणि डॉक्टरांना दाढांची काय पडली आहे, असं घरच्यांना वाटतं. पण किरणांनी जबड्यातल्या बारीक रक्तवाहिन्या आखडतात, हाडाचं रक्त तुटतं. पुढे दात उपटला तर जखम भरत नाही, हाड सडायला लागतं. म्हणून पोखरलेल्या दाढा आधीच काढतात आणि जखम भरायला दोन-तीन आठवडे देतात.

2. हा धोका वर्षं लोटली तरी जात नाही, खालच्या जबड्यात तर जास्तच. दाढ ठणकली की "काढून टाक नं भाऊ, एकच त दाढ आहे" म्हणणारे मूर्तिजापूरपासून बडनेऱ्यापर्यंत भेटतात. त्यांचं ऐकायचं नाही. अकोल्यात असो की अमरावतीच्या डेंटल कॉलेजात, खुर्चीत बसतानाच मी सांगतो की तोंडाला शेक घेतले आहेत. किरणांचा डोस किती ग्रे, कोणत्या बाजूला, हे लिहिलेल्या कागदाची झेरॉक्स पाकिटात असते. 60 ग्रेच्या पुढे धोका वाढतो. जमेल तिथे दात न उपटता रूट कॅनाल करून मूळ तसंच ठेवतात.

3. लाळेची किंमत ती आटल्यावर कळते. तोंड धुणारी, आंबटपणा मारणारी तीच. ती नसली की खालचे पुढचे दातसुद्धा किडतात, जे एरवी सगळ्यात शेवटी जातात. आरशात हिरडीलगत तपकिरी रेघ दिसते, दुखत काहीच नाही, आणि एक दिवस भाकरीच्या घासात दात मानेपासून तुटतो. कोरडं तोंड म्हणून लिंबू किंवा गोड गोळ्या चघळणं म्हणजे किडीला आमंत्रण. घोट-घोट पाणी बरं. अकोल्याच्या 45 अंशांत बाटलीशिवाय बाहेर पडत नाही. मीठ-सोड्याच्या गुळण्या करायच्या, अल्कोहोलचं माउथवॉश नाही.

4. कीड रोखायला 5000 पीपीएम फ्लोराइडची पेस्ट किंवा दातांच्या मापाच्या ट्रेमधून जेल, रोज रात्री, जन्मभर. लावल्यावर थुंकायचं, चूळ भरायची नाही.

5. शेकांनी जबडा आखडतो, म्हणून तोंड उघडायचा व्यायाम आइस्क्रीमच्या काड्यांचा. एकावर एक रचून दातांत धरायच्या, हळूहळू एकेक वाढवायची. चांगल्या तोंडात तीन बोटं उभी मावतात.

6. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीची पुडी, सोडल्याचं कौतुक कुणी करत नाही, उलट पुडी पुढे करतात. 2004 मध्ये शरद पवारांना तोंडाचा कॅन्सर झाला. गुटखा-सुपारीने दात गेले, तोंड उघडेना, हे त्यांनी जाहीरपणे सांगितलंय. पुडी पुढे आली की मी तेवढंच ऐकवतो.