टपाली मत: तिकीट 78 सेंटचं, चूक केवढ्याची?

अमेरिकेत मत द्यायचे पैसे कोणी मागू शकत नाही. व्हर्जिनियात एकेकाळी दीड डॉलरचा मतकर होता. 1964च्या 24व्या घटनादुरुस्तीनं असा कर फेडरल निवडणुकांतून हद्दपार केला. दोन वर्षांनी सुप्रीम कोर्टानं ‘हार्पर’ खटल्यात राज्यांच्या निवडणुकांतूनही तो काढून टाकला. तरीही टपालानं मत देणाऱ्याच्या खिशातून काही ना काही जातंच. कुठे पोस्टाचं तिकीट, कुठे ओळखपत्राची झेरॉक्स, तर कुठे साक्षीदार शोधण्यात गेलेली संध्याकाळ. 2020च्या साथीत शंभरातल्या 43 जणांनी टपाली मतपत्रिका वापरली, 2024मध्ये सुमारे 30 जणांनी. म्हणजे हा आता थोड्याथोडक्यांचा मामला राहिलेला नाही.

मध्यावधी निवडणूक 3 नोव्हेंबर 2026ला, मंगळवारी आहे. ज्यांच्याकडे अमेरिकी नागरिकत्व आहे, मग ते एडिसनला राहोत, केरीला राहोत की परत येऊन पुण्यात बाणेरला, त्यांच्यासाठी हा हिशेब.

पहिला प्रश्न: मत तुमचं आहे का?

सगळ्यात महाग चूक इथेच होते, म्हणून हे आधी. ग्रीन कार्ड, एच-वन-बी, व्हिजिटर व्हिसा, यांपैकी कशावरही फेडरल निवडणुकीत मत देता येत नाही. दिलंच तर तो गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, आणि त्याहून वाईट म्हणजे ते देशाबाहेर काढण्याचं कारण ठरतं. वीस वर्षं भरलेले कर, मुलांच्या शाळा, घराचं कर्ज, काहीच आड येत नाही.

हे जाणूनबुजून क्वचितच घडतं. 1993च्या राष्ट्रीय मतदार नोंदणी कायद्यानं, ज्याला लोक ‘मोटर व्होटर’ म्हणतात, ड्रायव्हिंग लायसन्स काढतानाच मतदार नोंदणीची सोय केली. काउंटरवर घाईत विचारलेल्या प्रश्नाला मान डोलावली, स्क्रीनवरच्या एका चौकोनात टिक केली, की नाव यादीत. आपण नागरिक आहोत असं खोटं लिहून देणं हा वेगळाच गुन्हा आहे. ग्रीन कार्डवरच्या आईबाबांना लायसन्स काढायला नेलंत तर शेजारी उभे राहा आणि तो प्रश्न त्यांना मराठीतून समजावून सांगा. चुकून नोंद झालीच असेल तर मत देऊ नका आणि काहीही लिहून देण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला गाठा. त्याची फी जड वाटेल, पण या लेखातला सगळ्यात योग्य खर्च तोच.

घरात दुसऱ्याच्या नावानं आलेल्या पाकिटालाही हाच नियम. नवरा कामासाठी बाहेरगावी आहे म्हणून बायकोनं त्याच्या पाकिटावर सही करणं हा घरगुती समजूतदारपणा नाही. मत बाद होईलच, वर गुन्हाही दाखल होऊ शकतो.

खर्च एका नजरेत

- मतदार नोंदणी: शून्य.
- टपाली मतपत्रिका मागवण्याचा अर्ज: शून्य, टपालानं पाठवलात तर काही ठिकाणी तिकीट तुमचं.
- भरलेलं पाकीट परत पाठवणं: कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, वॉशिंग्टन अशा राज्यांत टपालखर्च आधीच भरलेला असतो. इतरत्र एका औंसापर्यंत 78 सेंट आणि पुढच्या औंसाला 29 सेंट (जुलै 2025चे दर).
- अधिकृत ड्रॉप बॉक्समध्ये टाकणं: शून्य. टेक्साससारख्या राज्यांत ही सोय नाही.
- पाकीट कुठवर पोचलं ते पाहणं: बहुतेक राज्यांत ऑनलाइन, शून्य.
- सही जुळली नाही म्हणून ती दुरुस्त करून देणं: ही संधी जिथे आहे तिथे शून्य. फोन आणि पत्रं मात्र वेळेवर पाहायला हवीत.

तिकीट कमी पडलं तरी पोस्ट मतपत्रिका अडवून ठेवत नाही. फरकाचे पैसे निवडणूक कार्यालयाकडे मागते. यावर विसंबून मात्र राहू नका. पाकीट हाताला जाड लागलं तर सरळ दोन तिकिटं लावा. तिकिटाचा खर्च म्हणजे एक प्रकारचा मतकरच, असा दावा जॉर्जियात झाला होता. अपील न्यायालयानं 2021मध्ये तो मानला नाही.

राज्य बदललं की हिशेब बदलतो

अमेरिकेत निवडणुका राज्यं घेतात. घटनेच्या पहिल्या कलमानुसार वेळ, ठिकाण आणि पद्धत राज्यांनी ठरवायची. काँग्रेसला त्यात बदल करण्याचा अधिकार आहे. त्यामुळे डॅलसच्या मित्राचा सल्ला फ्रीमाँटला चालत नाही.

कॅलिफोर्निया: प्रत्येक सक्रिय नोंदणीकृत मतदाराला मतपत्रिका घरपोच येते, अर्ज करावा लागत नाही. खर्च शून्य. काम एकच: पाकिटावरची सही नोंदणीतल्या सहीशी जुळली पाहिजे.

न्यू जर्सी: कारण न देता मागवता येते. आतल्या लिफाफ्याला जोडलेलं सहीचं प्रमाणपत्र फाडू नका. ते निरुपयोगी चिटोरं वाटतं, पण ते वेगळं झालं तर मत अडचणीत येतं. आणि एकदा टपाली मतपत्रिका मागवलीत की केंद्रावर यंत्रावर मत देता येत नाही. तिथे तात्पुरती मतपत्रिका भरावी लागते.

टेक्सास: 65 वर्षांवरचे, आजारी किंवा अपंग, काउंटीबाहेर असलेले, बाळंतपण जवळ आलेल्या स्त्रिया अशा मोजक्यांनाच टपाली मत मिळतं. 2021च्या कायद्यानंतर अर्जावर आणि पाकिटावर लायसन्सचा किंवा सोशल सिक्युरिटीचा क्रमांक लिहावा लागतो. मार्च 2022च्या प्रायमरीत अशा सुमारे 12 टक्के मतपत्रिका बाद झाल्या. बरेचसे लोक पाकिटाच्या झाकणाखालचा तो रकाना भरायला विसरले होते किंवा त्यांनी नोंदीत नसलेला क्रमांक लिहिला होता. उपाय फुकट आहे: दोन्ही क्रमांक लिहा.

नॉर्थ कॅरोलायना: दोन प्रौढ साक्षीदार किंवा एक नोटरी, शिवाय फोटो ओळखपत्राची प्रत. टपाली मतासाठी नोटरीला पैसे घेता येत नाहीत. मागितलेच तर दुसरा शोधा. शनिवारच्या भिशीला पाकीट सोबत न्या, दोन साक्षीदार चहाबरोबर मिळतील. त्यांनी फक्त तुम्हाला मत देताना पाहायचं असतं, कोणाला दिलं ते नाही.

सहीबद्दल एक गोष्ट खास आपल्या लोकांसाठी. अनेक आजीआजोबा कागदपत्रांवर कधी देवनागरीत सही करतात, कधी इंग्रजीत. यंत्र आणि कर्मचारी दोघेही नोंदीत असलेल्या सहीशीच तुलना करतात. लायसन्सवर जशी सही आहे तशीच पाकिटावर करा. हात थरथरू लागला असेल तर काउंटीकडे नवी सही आधीच नोंदवून ठेवा.

खरा खर्च दिवसांचा

पैशांपेक्षा महाग पडतात ते दिवस. मतदानाच्या दिवसापर्यंत शिक्का बसलेलं पाकीट नंतर पोचलं तरी काही राज्यं ते मोजत आली. 2025पर्यंत कॅलिफोर्नियात ही सवलत सात दिवसांची होती, न्यू जर्सीत सहा, टेक्सासमध्ये एकच. ती देणं फेडरल कायद्यात बसतं का, हा वाद मिसिसिपीच्या खटल्यातून सुप्रीम कोर्टात गेला. नोव्हेंबर 2025मध्ये कोर्टानं तो सुनावणीला घेतला. म्हणून हिशेब असा करा, जणू सवलत नाहीच.

शिक्क्याचीही एक मेख आहे. पेटीत टाकलेल्या पत्रावर त्याच दिवसाचा शिक्का बसेलच असं नाही. पत्र आधी वर्गीकरण केंद्रात जातं आणि शिक्का तिथल्या तारखेचा बसू शकतो; डिसेंबर 2025मध्ये टपाल खात्यानं आपल्या नियमावलीतच हे स्पष्ट केलं. उशीर झाला असेल तर पाकीट पोस्टाच्या काउंटरवर न्या आणि हातानं शिक्का मारून मागा. त्याचे पैसे पडत नाहीत. मुदतीच्या किमान आठवडाभर आधी पाकीट टाका, हा पोस्टाचाच सल्ला आहे. आठवडा उरला नसेल तर पोस्टाच्या भरवशावर राहू नका: ड्रॉप बॉक्स, काउंटी कार्यालय किंवा प्रत्यक्ष केंद्र गाठा. टेक्सासमध्ये मतदानाच्या दिवशी पाकीट स्वतः, ओळखपत्र दाखवून द्यावं लागतं.

आईबाबांना मदत

पन्नाशी उलटलेल्या आणि वीस वर्षं ग्रीन कार्डवर राहिलेल्या, किंवा पंचावन्न वर्षांवरच्या आणि पंधरा वर्षं राहिलेल्या माणसाला नागरिकत्वाच्या परीक्षेत इंग्रजीतून सूट मिळते. त्यामुळे आपल्या घरांत असे नागरिक आहेत, ज्यांना मतपत्रिका वाचता येत नाही. शिकागोच्या कुक काउंटीत हिंदी आणि न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये बंगाली मतपत्रिका फेडरल कायद्यामुळेच मिळतात. मराठीची पाळी अजून आलेली नाही. पण 1982मध्ये मतदान हक्क कायद्यात घातलेल्या कलम 208नं एक मोठी सोय केली आहे. अंधत्व, अपंगत्व किंवा वाचता न येणं या कारणानं मतदार स्वतःच्या पसंतीचा मदतनीस घेऊ शकतो. फक्त तो त्याचा मालक, मालकाचा माणूस किंवा युनियनचा प्रतिनिधी नसावा. मुलगा, सून, नात कोणीही चालेल. पाकिटावर मदतनीसाची सही मागितली असेल तर ती करायला विसरू नका. वाचून दाखवा, समजावून सांगा. ठरवायचं मात्र त्यांनीच.

भारतात असाल तर

1986च्या आणि 2009च्या फेडरल कायद्यांनी परदेशी राहणाऱ्या नागरिकांना आणि सैनिकांना भक्कम हक्क दिले आहेत. ‘फेडरल पोस्टकार्ड अर्ज’ भरा. तो दर वर्षी नव्यानं करणं उत्तम. वेळेत मागणी केलेल्याला राज्यानं मतपत्रिका निदान 45 दिवस आधी पाठवायलाच हवी, आणि कोरी मतपत्रिका ईमेलनं किंवा ऑनलाइन मागता येते. ती आलीच नाही तर फेडरल राइट-इन मतपत्रिका डाउनलोड करून उमेदवारांची नावं हातानं लिहून पाठवता येतात. हे सगळं फुकट.

खर्च परतीच्या वाटेवर आहे. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीत टपालखर्च-भरलेला छापील लिफाफा वापरून पाकीट दिलंत तर पैसे लागत नाहीत. ते राजनैतिक टपालातून जातं, पण अनेक आठवडे लागू शकतात. खाजगी कुरिअर झटपट आहे आणि महागही. कॅलिफोर्निया परदेशस्थांची मतपत्रिका फॅक्सनं स्वीकारतं. न्यू जर्सी ईमेल घेतं, पण मूळ कागद टपालानंही पाठवावा लागतो.

अमेरिकेत जन्मलेली आणि पुण्यात वाढलेली मुलंही नागरिकच आहेत; अठरा वर्षांची झाली असतील तर तीही मत देऊ शकतात. अमेरिकेत स्वतः कधी न राहिलेल्यांनाही अनेक राज्यं आईवडिलांच्या शेवटच्या पत्त्यावरून मत देऊ देतात. परदेशस्थांसाठीच्या 1986च्या कायद्याखाली दिलेल्या मतामुळे करासाठीचं तुमचं निवासस्थान बदलत नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. भारतीय पासपोर्ट असलेला अनिवासी माणूस फॉर्म 6ए भरून महाराष्ट्रात फुकट नाव नोंदवू शकतो, पण मत द्यायला स्वतः यावं लागतं. म्हणजे मताची किंमत विमानाच्या तिकिटाएवढी. ओसीआय कार्डावर भारतात मत नाही.

कायदा बदलला तर बिल कोणाकडे?

2000 सालच्या अध्यक्षीय निवडणुकीत फ्लोरिडात झालेल्या मतमोजणीच्या गोंधळानंतर 2002चा ‘हेल्प अमेरिका व्होट’ कायदा आला. यादीत नाव सापडलं नाही तर मागता येणारी तात्पुरती मतपत्रिका त्याचीच देणगी. निवडणूक सुरक्षेसाठी काँग्रेसनं राज्यांना 2018मध्ये 38 कोटी डॉलर दिले, 2020मध्ये आधी साडेबेचाळीस कोटी आणि मग साथीसाठी 40 कोटी. 2024मध्ये हा आकडा साडेपाच कोटींवर आला. उरलेलं राज्य आणि काउंटी भागवतात, म्हणजे तुमच्या मालमत्ता करातलाही वाटा त्यात आहे.

पुढचे दोन रस्ते परस्परविरुद्ध आहेत. 2021मध्ये प्रतिनिधीगृहानं मंजूर केलेलं एक विधेयक टपालखर्च सरकारवर टाकणार होतं. ते सिनेटमध्ये अडकलं. एप्रिल 2025मध्ये त्याच सभागृहानं मंजूर केलेल्या ‘सेव्ह’ विधेयकाची मागणी आहे, की नोंदणी करतानाच नागरिकत्वाचा कागद दाखवा. त्यानं यादी चोख राहील, असं समर्थक म्हणतात. ज्यांच्याकडे कागद हाताशी नाहीत ते गळतील, असं विरोधक म्हणतात. मार्च 2025च्या अध्यक्षीय आदेशातली अशीच अट कोर्टानं ऑक्टोबरमध्ये रोखली. वाद कोणीही जिंको, अशा कागदांचे दर 2025च्या हिशेबानं असे: पहिला प्रौढ पासपोर्ट 165 डॉलर, नूतनीकरण 130, पासपोर्ट कार्ड पहिल्यांदा 65. नागरिकत्वाचं प्रमाणपत्र हरवलं तर दुसरं काढायला कागदावर 555, ऑनलाइन 505.

मराठी बायकांनी हे जास्त मनावर घ्यावं. लग्नानंतर आपल्याकडे आडनावाबरोबर मधलं नाव बदलतं, क्वचित पहिलंही. पासपोर्ट, लायसन्स, जन्मदाखला आणि मतदारयादी यांतली नावं आजच एकदा शेजारी ठेवून पाहा. फरक असेल तर विवाह दाखल्याची प्रमाणित प्रत काढून ठेवा. कायदा बदलो न बदलो, ती वाया जात नाही.

सणांच्या तारखांनी लक्षात ठेवा

गणपती 14 सप्टेंबरला बसतील. त्याआधी नोंदणी आणि पत्ता तपासा. 19 सप्टेंबरला परदेशस्थांच्या मतपत्रिका निघालेल्या असतील. कॅलिफोर्नियाची पाकिटं 5 ऑक्टोबरपर्यंत टपालात पडतील. नोंदणीची मुदत फेडरल कायद्यानुसार मतदानाच्या 30 दिवसांआधी संपवता येत नाही, पण काही राज्यं ती बरोबर तेव्हाच संपवतात. म्हणून ऑक्टोबर उजाडण्याआधी हे काम उरका. दसरा 20 ऑक्टोबरला आहे, मतदानाच्या बरोबर दोन आठवडे आधी. सीमोल्लंघनाचा मुहूर्त तोच धरा: सही तपासा, क्रमांक लिहा, पाकीट उंबऱ्याबाहेर काढा. दिवाळीचं लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे. तोवर पाकीट फराळाच्या डब्याखाली सापडलं, तर 78 सेंट वाचलेले असतील आणि मत गेलेलं असेल.