बालाघाटातील कंदमुळे आणि दुष्काळाचे अन्न

दुष्काळ बीड जिल्ह्याच्या पाचवीलाच पुजलेला आहे. १९७२ च्या आठवणी निघाल्या की खडी फोडण्याची कामे, सुकडी आणि अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो यांचा उल्लेख हमखास होतो. परंतु सरकारी धान्य पोहोचण्याच्या पूर्वीच्या काळी, पेव रिकामे झाल्यावर माणूस कशावर जगत असे, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. त्याचे एक उत्तर जमिनीच्या पोटात आहे.

आष्टी-पाटोद्यापासून अंबाजोगाई-परळीपर्यंत बालाघाटच्या रांगा पसरल्या आहेत. जमीन मुरमाड, पाऊस बेभरवशाचा. अशा मुलखात कित्येक वनस्पती पावसाळ्यात अन्न तयार करून कंदात साठवितात व उरलेले वर्ष मातीखाली निजून काढतात. माणसाने हात घातला तो या कोठारावर. दख्खनच्या माळावरील खरतुडी, म्हणजे कंदीलपुष्पाची एक जात, हिचा चपटा कंद गुराखी उकरून कच्चाच खातात. महाराष्ट्राच्या डोंगराळ भागात शेंडवेलीच्या फुलांची भाजी करतात व कंद उकडून खातात.

कडू करांद्याची गोष्ट मात्र निराळी आहे. याच्या पानांच्या बगलेत बटाट्यासारख्या गाठी लोंबतात. संस्कृत ग्रंथांतील वाराही कंद तो हाच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. रानातला हा कंद नुसता उकडला तर कडूपणामुळे घशाखाली उतरत नाही. शिवाय त्यातील द्रव्ये यकृतास अपायकारक असतात. म्हणून चकत्या करून त्या राखेच्या पाण्यात उकळावयाच्या, ते पाणी फेकून द्यावयाचे, मग रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवावयाच्या, आणि कडूपणा जाईपर्यंत हाच खटाटोप पुन्हा करावयाचा. येथे एक विलक्षण पेच आहे. दुष्काळात खाण्याचा कंद शुद्ध करावयाला पाणी हवे, आणि दुष्काळात नेमके तेच नसते!

ओळख पटविणे हे तर त्याहून कठीण. याच डोंगरांत कळलावी उगवते. हिचा कंद नांगराच्या आकाराचा, म्हणून संस्कृतात तिला लांगली म्हणतात. तो खाल्ल्यास माणूस दगावू शकतो. करांद्यासारख्या वेलींचा कंद पूर्ण भरतो तो वेल वाळल्यावर, म्हणजे ओळखीसाठी पाने उरलेली नसतात तेव्हा. सारांश, श्रावण-भाद्रपदात जागा हेरून ठेवावयाची आणि मार्गशीर्षाच्या सुमारास खणावयाचे. खणणारा जाणता असेल तर कंदाचा डोळ्याकडचा तुकडा पुन्हा मातीत पुरतो. पुढच्या वर्षीचा वेल त्यातूनच येतो.

हे ज्ञान ग्रंथांत अजिबात नाही असे नव्हे. सुश्रुतसंहितेत कंदवर्ग आहे. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर डॉ. जे. सी. लिस्बोआ या गोमंतकीय वैद्याने दुष्काळात खाल्ल्या जाणाऱ्या वनस्पतींची नोंद केली. ती १८८६ साली मुंबई गॅझेटियरच्या वनस्पतिविषयक खंडात प्रसिद्ध झाली. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होते; परंतु शेजारच्या नगर-सोलापूरच्या वनस्पती काही सरहद्द पाहून उगवत नाहीत. पुढे प्रा. वि. ना. नाईक यांचा मराठवाड्यातील वनस्पतींवरील द्विखंडात्मक ग्रंथ १९९८ मध्ये आला. वनस्पतीची ओळख अशा ग्रंथांतून होते; किती वेळा उकळावे, हे चुलीपाशीच कळते.

ही विद्या केवळ आपल्याकडचीच नव्हे. अलास्कातील युपिक लोक टुंड्रातील उंदरांनी बिळांत साठविलेली मुळे काढून घेतात आणि त्या जागी उंदरांसाठी सुकी मासळी वगैरे ठेवतात. आपल्या ऋषिपंचमीलाही बैलाच्या कष्टाचे अन्न वर्ज्य असते. नांगरापूर्वीच्या आहाराची ही खूण असावी, असे मला वाटते. गंमत अशी की आपल्या उपवासाचे रताळे, बटाटा आणि ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो, हे तिन्ही मूळचे अमेरिकेतले. घरचा करांदा मात्र आपण विसरलो.

आता या विद्येचा धागा कोठे तुटतो ते पाहा. दसरा-दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे कोयते घेऊन ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. कंद खणण्याचे दिवस नेमके याच मधल्या काळात येतात. पावसाळ्यात आजीने वेल दाखविला तरी तो खणावयाच्या वेळी नातू कारखान्याच्या तळावर, उसाच्या पाचटाच्या कोपीत असतो.