ठेवणे आणि शोधणे : संगणकावरील दप्तराचा विचार

कागद जपून ठेवणे ही एक विद्या आहे, आणि ठेवलेला कागद वेळेवर सापडणे ही दुसरी. पेशवे दप्तरातील कागद कापडी रुमालांत बांधून ठेवलेले होते, म्हणून ते टिकले. परंतु त्यांतील निवडक कागद गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत छापले गेले, तेव्हा कोठे ते सामान्य अभ्यासकाच्या हाती आले. टिकणे आणि सापडणे यांत किती अंतर असते, हे या एका उदाहरणावरून वाचकांच्या ध्यानात येईल.

आज शाळेच्या प्रश्नपत्रिका, सभांची इतिवृत्ते, घरातील जमिनीचे उतारे, लग्नकार्याची छायाचित्रे, आजोबांच्या आठवणी, हे सारे संगणकात साठविले जाते. संगणकाच्या पोटात जागा विपुल असते. अडचण असते ती हवी ती वस्तू बाहेर काढण्याची. हे काम दोन प्रकारे करता येते. फाइल जेथे ठेवली तेथे फोल्डर उघडत उघडत स्वतः जावे, हा पहिला प्रकार. यासाठी जो कार्यक्रम लागतो त्यास 'फाइल मॅनेजर' म्हणतात. फाइलीचे नाव किंवा तिच्यातील एखादा शब्द टंकून ती यंत्राकडून मागवावी, हा दुसरा प्रकार. यास 'शोध' म्हणतात. या दोहोंत सोयीचे कोणते, याविषयी जाणकारांत कित्येक वर्षे वाद चालू आहे. आपल्याकडील जुन्या शास्त्रार्थाच्या रीतीप्रमाणे प्रथम पूर्वपक्ष, नंतर उत्तरपक्ष आणि शेवटी निर्णय, अशा क्रमाने या वादाचा परामर्श घेण्याचे आम्ही योजिले आहे.

तत्पूर्वी थोडा इतिहास सांगणे अवश्य आहे. १९६५ साली अमेरिकेत 'मल्टिक्स' नावाच्या संगणक-प्रणालीची योजना मांडण्यात आली. तीत फाइलींची रचना वृक्षासारखी होती : मूळ एक, त्यास फांद्या, फांद्यांस उपफांद्या आणि शेवटी पान म्हणजे फाइल. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत 'युनिक्स' प्रणालीचे काम सुरू झाले. तिने हीच रचना उचलली आणि ती सर्वत्र रूढ झाली. त्या काळी मात्र फाइलीपर्यंतचा संपूर्ण मार्ग अक्षरांनी टंकावा लागे. १९८१ साली झेरॉक्स कंपनीने 'स्टार' हा संगणक बाजारात आणला. त्याच्या पडद्यावर कचेरीतील मेजाप्रमाणे कागदांची व फोल्डरांची चित्रे दिसत. १९८४ साली ॲपल कंपनीच्या 'मॅकिंटॉश' संगणकाने आणि त्यातील 'फाइंडर' या फाइल मॅनेजरने हीच कल्पना अधिक लोकांपर्यंत नेली. १९९५ साली 'विंडोज ९५' बरोबर 'एक्स्प्लोरर' आला. मायक्रोसॉफ्टच्या पूर्वीच्या 'डॉस' प्रणालीत फाइलीचे नाव आठ अक्षरांत आणि प्रकारदर्शक पुरवणी तीन अक्षरांत बसवावी लागे. आता २५५ अक्षरांपर्यंत मुभा मिळाली. नाव देण्याचे स्वातंत्र्य अशा रीतीने लाभले. नाव देण्याची शिस्त मात्र यंत्राबरोबर येत नसते.

आता पूर्वपक्ष पाहू. शोधाचे कैवारी म्हणतात की, वृक्षरचना हीच मुळात सदोष आहे. व्हॅनेव्हर बुश या अमेरिकन शास्त्रज्ञाने जुलै १९४५ मध्ये 'अटलांटिक मंथली' मासिकात लिहिलेल्या लेखात अशी तक्रार केली होती की, वर्ग, उपवर्ग अशा उतरंडीने कागद लावला असता तो एकाच जागी राहतो, आणि मनुष्याचे मन तर अशा उतरंडीने चालत नाही. ते एका गोष्टीवरून दुसरीकडे साहचर्याने जाते. ही तक्रार रास्त होती. स्नेहसंमेलनातील नाटकाच्या खर्चाचा हिशेब कोणत्या फोल्डरात ठेवावा? संमेलनाच्या, नाटकाच्या, हिशेबाच्या, की त्या वर्षाच्या? ग्रंथालयात ग्रंथ एकाच फळीवर असतो. परंतु त्याची पत्रे लेखकाच्या, नावाच्या आणि विषयाच्या अशा निरनिराळ्या खणांत घालून ग्रंथपालाने ही अडचण पूर्वीच सोडविली आहे. संगणकाने तेच का करू नये?

संगणकाने तेही केले. फावल्या वेळी तो सर्व फाइली वाचून त्यांतील शब्दांची एक सूची तयार ठेवतो. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते, तसाच हा प्रकार. आपण शब्द टंकला की तो फाइली चाळीत बसत नाही, सूची पाहतो. म्हणून उत्तर क्षणार्धात मिळते. १९९०-९९ या दशकात येल विद्यापीठात डेव्हिड गेलर्न्टर आणि एरिक फ्रीमन यांनी 'लाइफस्ट्रीम्स' नावाची योजना आखली. तीत फोल्डर मुळी नव्हतेच. सर्व कागद कालक्रमाने एकामागून एक, आणि बाकी सारे शोधाच्या स्वाधीन. २००४ साली गूगलने घरगुती संगणकासाठी शोधाचे साधन काढले (ते २०११ मध्ये बंद झाले). २००५ साली ॲपलने 'स्पॉटलाइट' आणले. २००७ साली 'विंडोज व्हिस्टा'मध्ये शोधाची पेटी थेट आरंभाच्या यादीत आली. आता फोल्डर लावीत बसण्याचे दिवस संपले, असे पुष्कळांस वाटू लागले.

उत्तरपक्ष याहून निराळा आहे, आणि तो लोकांच्या प्रत्यक्ष वागणुकीवर आधारलेला आहे. १९८३ साली टॉमस मलोन यांनी कचेरीतील माणसे आपले मेज कसे लावतात याचा अभ्यास केला. त्यांना असे दिसले की, मेजावरचा ढीग केवळ आळसाचे लक्षण नसतो. समोर दिसणारा कागद 'हे काम राहिले आहे' अशी आठवण करून देत असतो. १९९५ साली डेबोरा बॅरो आणि बॉनी नार्डी यांनी संगणकावर काम करणाऱ्या माणसांविषयी असाच निष्कर्ष काढला : माणसे आधी जागेवर जाऊन पाहतात, शोधाकडे नंतर वळतात. यावर लाइफस्ट्रीम्सच्या कर्त्यांनी पुढच्याच वर्षी उत्तर दिले की, लोकांना चांगली साधने मिळालीच नाहीत, म्हणून ते तसे वागतात. हा आक्षेप खरा की खोटा, हे काळानेच ठरवायचे होते. पुढे शोधाची साधने पुष्कळ सुधारली. तरीही २००८ साली ओफर बर्गमन आणि त्यांचे सहकारी यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांची पसंती फोल्डरांनाच होती. जागा आठवत नसेल तेव्हाच, शेवटचा उपाय म्हणून, लोक शोधाकडे वळत होते.

असे का व्हावे? याचे एक उत्तर २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातून सुचते. माणसे फोल्डरांतून वाट काढीत असता आणि शब्दाने शोध घेत असता त्यांच्या मेंदूचे निरीक्षण करण्यात आले. फोल्डरांतून जाताना मेंदूचे जे भाग जागे झाले, ते खऱ्याखुऱ्या जगात वाट शोधताना जागे होणारे होते. शोध घेताना मात्र भाषेशी संबंध असलेला भाग कामास लागला. म्हणजे फोल्डर उघडणे हे चालण्यासारखे आहे आणि शोधणे हे बोलण्यासारखे आहे. अंधारात स्वयंपाकघरातील काड्यांची पेटी आपला हात अचूक काढतो, तेव्हा आपण तिचे नाव घेत नसतो. शिवाय ओळखणे हे आठवण्याहून सोपे असते. वर्गातील मुलगा समोर दिसला की ओळखू येतो. त्याचे नाव आठवण्यास क्षणभर लागतो.

या वादाला व्यवहारात कसे स्वरूप येते याचे एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. लिनक्स प्रणालीवर 'ग्नोम' नावाची पडद्याची व्यवस्था आहे. तिच्या फाइल मॅनेजरचे नाव 'नॉटिलस'. फोल्डर उघडून 'सं' टंकले की त्याच फोल्डरातील 'सं'ने आरंभ होणाऱ्या फाइलीवर खूण जाऊन पडावी, अशी त्यात सोय होती. २०१२ सालच्या आवृत्तीत ती काढून टाकण्यात आली आणि अक्षर टंकताच त्या फोल्डरात व त्याच्या सर्व उपफोल्डरांत शोध सुरू होऊ लागला. योजकांच्या दृष्टीने ही सुधारणा होती. परंतु ज्यास आपली फाइल कोठे आहे हे ठाऊक होते आणि फक्त तिच्यापाशी जायचे होते, त्याच्यापुढे अकस्मात अनेक ठिकाणच्या फाइलींची सरमिसळ यादी उभी राहू लागली. घराच्या दारात उभ्या असलेल्या माणसास कोणी गावाचा नकाशा हाती द्यावा, तसेच हे झाले. त्या आवृत्तीतील बदलांवर नाराज होऊन 'लिनक्स मिंट'च्या मंडळींनी जुन्या नॉटिलसवरून 'नेमो' हा वेगळा फाइल मॅनेजर तयार केला. चालणे आणि विचारणे या दोन भिन्न क्रिया आहेत. एकीच्या जागी दुसरी बसविली की उपयोग करणाऱ्याचा पाय घसरतो, हा यातील बोध आहे.

आम्हां मराठी वाचकांच्या दृष्टीने या प्रश्नास आणखी एक अंग आहे. शोध बहुधा सूचीवर चालतो. जे सूचीत नाही ते अशा शोधाच्या लेखी अस्तित्वातच नाही. मराठीचा पुष्कळसा जुना मजकूर अशा टंकांत बसविलेला आहे की, पडद्यावर 'क' दिसतो, पण आत रोमन अक्षराचा किंवा एखाद्या चिन्हाचा संकेत साठविलेला असतो. अशा फाइलीत 'कविता' हा शब्द शंभर वेळा असला तरी शोधास तो एकदाही सापडणार नाही. देवनागरीस स्वतःचे संकेत देणाऱ्या 'युनिकोड'ची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. परंतु जुने टंक छापखान्यांत त्यानंतरही दीर्घकाळ वापरात राहिले. छायाचित्ररूपाने घेतलेल्या पानांचीही गत तीच. त्यांतील अक्षरे ओळखून मजकूर तयार केल्यावाचून यंत्रास ती केवळ चित्रे असतात.

युनिकोडमध्ये लिहिले तरी व्याकरण आडवे येतेच. विद्यार्थ्यांस सामान्यरूप ठाऊक आहे : 'शाळा' हा शब्द प्रत्यय लागताच 'शाळेत', 'शाळेचा' असा होतो. 'शाळा' असे शोधले असता 'शाळेचा इतिहास' हे प्रकरण निसटण्याचा संभव असतो. 'शाळ' एवढेच टंकले तर दोन्ही रूपे हाती लागू शकतात. ज्या साधनांत शब्दाच्या आरंभापासूनच जुळणी पाहिली जाते, त्यांत 'संमेलन' शोधून 'स्नेहसंमेलन' मिळत नाही. 'वऱ्हाड' या शब्दातील ऱ्ह संगणकात दोन प्रकारे साठविता येतो. डोळ्यांस दोन्ही सारखे, यंत्रास निराळे. ऱ्हस्व-दीर्घाची चूक शिक्षक समजून घेतील. शोध घेणारे यंत्र समजून घेईलच असे नाही.

आता निर्णय. आमच्या मते हे दोन पक्ष परस्परांचे वैरी नाहीत. जे आपण स्वतः ठेविले आणि वारंवार वापरतो, त्यासाठी फोल्डरांची वाट उत्तम. जे फार पूर्वी ठेविले, किंवा दुसऱ्याने ठेविले, त्यासाठी शोध हवाच. चांगला फाइल मॅनेजर तो, जो मालकाने लावलेला क्रम मोडीत नाही. चांगला शोध तो, जो फाइल देताना ती कोणत्या फोल्डरात आहे हेही दाखवितो, म्हणजे पुढच्या खेपेस मनुष्य स्वतः तेथे जाऊ शकतो. परंतु दोन्ही वाटा एकाच ठिकाणी येऊन मिळतात, आणि ते ठिकाण म्हणजे फाइलीचे नाव. नाव नीट असेल तर फोल्डरात ती ओळखू येते आणि शोधातही सापडते. 'नवीन', 'अंतिम', 'अंतिम २' आणि 'खरे अंतिम' अशी नावे देणाऱ्यास मात्र कोणताच पक्ष तारू शकत नाही.

यास्तव विद्यार्थ्यांनी तीन गोष्टी अंगी बाणवाव्यात. नावाच्या आरंभी वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख घालावी, जसे '२०२५-०८-१५ ध्वजवंदन छायाचित्रे'. म्हणजे नावांचा क्रम आणि काळाचा क्रम एकच होतो. फोल्डर थोडे करावेत आणि फार खोल नेऊ नयेत. आणि घरात जुन्या टंकातील मराठी मजकूर असेल तर मूळ फाइल तशीच राखून तिची युनिकोड प्रत करावी, व ती मुळाशी ताडून पाहावी.

२०२१ साली अमेरिकेतील काही प्राध्यापकांनी असे सांगितले की, आपली फाइल कोठे ठेविली आहे हा प्रश्नच नव्या विद्यार्थ्यांस उमगत नाही. सारे काही एका ढिगात आणि हवे ते शोधून काढायचे, एवढेच त्यांना ठाऊक असते. त्या मुलांना यात दोष देण्याचे कारण नाही. त्यांना शोध आधी भेटला. पण ज्यांचे कागद इंग्रजीत आहेत, त्यांना हा ढीग कदाचित परवडेल. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या नांदणाऱ्या मराठी कुटुंबांच्या आणि शाळांच्या कागदांची दुसरी प्रत बहुधा कोठेही नसते. ते कागद जळाले नाहीत, भिजले नाहीत, कोणी चोरले नाहीत. केवळ कोणास सापडत नाहीत, म्हणून नाहीसे झाले, असे होऊ नये. त्यांस आज नाव देण्याचे काम ज्यांना ते वाचता येतात त्यांचेच आहे, आणि हे वाचणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यास ते येते.