डी.व्ही.आर.ची आठवण किती दिवसांची?

फाटक, व्हरांडा, सायकल-स्टँड अशी चौकटीचौकटींची चित्रे दाखवणारा पडदा तुम्ही कार्यालयात पाहिला असेल. त्याच्या जवळपास गुणगुणणारी पेटी असते, ती डी.व्ही.आर., म्हणजे डिजिटल व्हिडिओ रेकॉर्डर. पूर्वी हे काम कॅसेटवर चाले आणि कॅसेट बदलण्याची आठवण माणसाला ठेवावी लागे.

कॅमेऱ्याकडून केबलमधून आलेल्या विद्युत-संकेताचे ही पेटी अंकांत रूपांतर करते. सेकंदाला 25 चित्रे जशीच्या तशी साठवली, तर आठ कॅमेऱ्यांनी 1 टेराबाइटची हार्ड डिस्क दोन-तीन तासांतच भरेल. म्हणून पेटी मधूनमधून एक पूर्ण चित्र ठेवते. पुढच्या चित्रांत आधीपेक्षा जे बदलले तेवढेच नोंदवते. 2003 साली आलेली एच.264 ही पद्धत अशीच आहे. रिकामा व्हरांडा थोडक्यात आटोपतो, मधल्या सुट्टीतले मैदान मात्र जागा खाते. वाऱ्याने हलणारे झाडसुद्धा!

आता वहीत गणित करा. एक कॅमेरा सेकंदाला सरासरी 10 लाख बिट पाठवतो असे धरू. 8 बिटांचा एक बाइट, दिवसाचे 86,400 सेकंद. म्हणजे दिवसाला 10.8 गिगाबाइट. आठ कॅमेऱ्यांचे 86.4. एक टेराबाइट म्हणजे 1000 गिगाबाइट. भागाकार येतो साडेअकरा दिवस. डिस्क भरली की पेटी थांबत नाही, सर्वांत जुने पुसून त्यावर नवे लिहिते. समजा, दिवाळीच्या सुट्टीच्या पहिल्याच दिवशी सायकल गेली आणि पालकांनी पंधरा दिवसांनी शाळा उघडल्यावर तक्रार केली, तर त्या दिवसाचे चित्रण उरलेलेच नसेल. वेळीच कळले तर तेवढा भाग पेन ड्राइव्हवर उतरवून घेता येतो.

विश्वस्तांसाठी एक गोष्ट. पडद्यावर चित्र दिसते म्हणजे ते साठवलेही जाते, असे नाही. डिस्क बिघडली तरी थेट चित्र बहुधा दिसतच राहते. महिन्यातून एकदा आदल्या दिवशीची प्रार्थनेची वेळ काढून पाहावी. त्याच वेळी कोपऱ्यातले घड्याळही तपासावे; आतला बटणासारखा सेल संपला, की वीज जाऊन आल्यावर तारीख भलतीच दिसू लागते, आणि मग हवे ते चित्रण असूनही सापडत नाही.