जुलाबात अंगातून काय जाते?

पावसाळ्यात आपल्या जोयडा तालुक्यात ओढे-झरे गढूळ होतात आणि जुलाबाचे भय वाढते. जुलाबात पाणी व मीठ जाते, हे आपण सर्व जाणतो. पण त्याबरोबर बायकार्बोनेट नावाचा क्षारही जातो, तो रक्तातील आम्लाला आवर घालणारा. तो घटला की रक्त आम्लतेकडे झुकते व रोगी खोल, भराभर श्वास घेऊ लागतो.

याचे कारण डॉक्टर साध्या वजाबाकीने शोधतात. रक्तातील सोडियम १४०. त्यातून क्लोराइड १०४ व बायकार्बोनेट २४ वजा केल्यास बाकी १२. जुलाबात बायकार्बोनेट १४ वर उतरले, तर त्याची जागा क्लोराइड भरून काढते व ते ११४ होते. बाकी १२ च. मधुमेह बळावला की नवे आम्ल साचते, म्हणून बाकी वाढते. बाकी न वाढता आम्लता आली, तर जुलाब, मूत्रपिंडाचा दोष किंवा शिरेतून फार दिलेले सलाइन यांचा विचार करावा लागतो.

१९७१ साली बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा घातलेले पाणी पाजून कॉलऱ्याचे असंख्य रोगी वाचविले. आजच्या पुडीत सोड्याऐवजी सायट्रेट असते. शरीरात त्याचे बायकार्बोनेट होते. घरच्या मीठ-साखरेच्या पाण्यात ते नसते.

म्हणून आमची विनंती एवढीच: पुडी घरात ठेवावी, तिच्यावर लिहिलेल्या मापानेच पाण्यात कालवावी, आणि श्वास खोल झाला वा मूल सुस्त पडले, तर पाणी पाजीत तत्काळ दवाखाना गाठावा.