मार्क्सचा विचार आणि आपल्या जिल्ह्याचे पाणी

पर्यावरण म्हटले की झाडे लावणे व नदी स्वच्छ ठेवणे एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. परंतु निसर्गसंपत्ती कोणाच्या ताब्यात, तिचा लाभ कोणाला आणि झळ कोणाला, हा प्रश्न राजकीय आहे. या दृष्टीने केलेल्या अभ्यासास राजकीय परिस्थितिकी म्हणतात.

कार्ल मार्क्सने १८६७ साली ‘भांडवल’ या ग्रंथाच्या पहिल्या खंडात दाखवून दिले की, माणूस श्रमातून निसर्गाशी देवाणघेवाण करीत असतो. भांडवली शेती ही देवाणघेवाण बिघडविते. ती मजुराला लुबाडते, तसाच जमिनीचा कसही लुटते. म्हणजे श्रमाचे व निसर्गाचे शोषण ही एकाच व्यवस्थेची दोन अंगे होत.

आपल्या अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात हे कसे दिसते ते पाहू. अकोले तालुक्यात प्रवरा नदीवरील भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झाले. कालव्यांवर ऊस वाढला. १९५० साली लोणी येथे सहकारी साखर कारखाना सुरू झाला. सहकाराने खाजगी भांडवलाला शह दिला, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु पाणी जमिनीच्या मालकीमागूनच गेले. पाथर्डीकडचा भूमिहीन मजूर ऊस तोडतो. त्या उसाला दिलेल्या पाण्यात मात्र त्याचा वाटा नाही.

याच जिल्ह्यातील मार्क्सवादी नेते दत्ता देशमुख यांनी हा प्रश्न ओळखला. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्यासमवेत ते ज्या शासकीय समितीवर होते, तिचा अहवाल १९७९ साली आला. कालव्याचे पाणी बारमाही न देता आठमाही द्यावे, म्हणजे ते अधिक शेतकऱ्यांना पुरेल, हे त्याचे सूत्र.

तरीही भूमिहीन बाहेरच राहतो. त्याचे उत्तर शेजारच्या पुणे जिल्ह्यात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने १९७० च्या दशकात दिले: पाणी माणशी वाटायचे, भूमिहीनालाही हिस्सा द्यायचा आणि ऊस लावायचा नाही.

आता आपला मुद्दा. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले. तळे सार्वजनिक होते. आड आली ती जात. म्हणून वर्गाबरोबर जातीचाही हिशेब मांडल्याशिवाय पाण्याचा हिशेब पुरा होत नाही.

विद्यार्थ्यांनी आपल्या गावात तीन गोष्टी नोंदवाव्यात: पाणी कोठून येते, ते कोणत्या पिकाला जाते आणि भूमिहीन कुटुंबांना किती मिळते. आपला खरा अभ्यास तेथूनच सुरू होईल.