“काय नाय झालं” म्हणतो, तेव्हा

भात झोडून झालं की डोळखांबच्या आसपासची खाचरं मोकळी होतात आणि पोरं त्यांचा ताबा घेतात. दिवसा टेनिस बॉलचं क्रिकेट, रात्री दिव्यांच्या उजेडात कबड्डी. आईबाबांनो, हे बंद करा असं मी सांगणार नाही. ओटीवर मोबाइल घेऊन लोळण्यापेक्षा पोर मातीत घाम गाळतंय, हे शंभरदा बरं. मला बोलायचंय ते सामन्यातल्या एका क्षणाबद्दल आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांबद्दल.

चढाईला गेलेल्याचा पाय कोपऱ्यातला धरतो, दुसरा अंगावर येतो आणि डोकं जमिनीवर आपटतं. किंवा पकडीला वाकलेल्याच्या कानशिलावर गुडघा बसतो. पोर थोडा वेळ पडून राहतं. कुणी तोंडावर पाणी मारतं, कुणी कांदा फोडून नाकाशी धरतं. मग ते उठतं, माती झटकतं, “काय नाय झालं” म्हणतं. टाळ्या पडतात आणि पुढची चढाई तोच करतो. रक्त नाही, टेंगूळ नाही, मग काळजी कसली?

मेंदू कवटीच्या आत द्रवात असतो. जोराचा धक्का बसला की तो आतल्या आत हलतो, नाजूक तंतू ताणले जातात आणि पेशींचं काम काही दिवस विस्कटतं. डॉक्टर याला कन्कशन म्हणतात. त्यासाठी शुद्ध हरपावीच लागते असं नाही. सीटी स्कॅनही बहुधा चांगला येतो, कारण मोडलेलं हाड आणि साकळलेलं रक्त त्यात दिसतं, हा बिघाड दिसत नाही. दहीहंडीच्या थरांवर आता हेल्मेट दिसू लागलंय. १४ वर्षांखालच्या मुलांना थरांवर चढवणार नाही, अशी हमी राज्य सरकारने २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दिली, तेही बरंच झालं. पण हेल्मेट कवटी वाचवतं. आतला मेंदू हलायचा तो हलतोच.

दिसणारा मार कुणी विसरत नाही. मार्च १९६२ मध्ये बार्बाडोसला चार्ली ग्रिफिथचा चेंडू आपले कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर बसला आणि कवटी फुटली. रक्त द्यायला विंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल पुढे आले. आपले चंदू बोर्डे आणि बापू नाडकर्णीही होते. कॉन्ट्रॅक्टर वाचले, पण पुन्हा कसोटी खेळले नाहीत. न दिसणाऱ्या माराची दखल घ्यायला मात्र २०१९ उजाडलं. तेव्हापासून आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये कन्कशन झालेल्याच्या जागी दुसरा खेळाडू उतरवता येतो. पुढच्याच वर्षी कॅनबेराला रवींद्र जडेजाच्या हेल्मेटवर चेंडू आदळला, बदली आलेल्या युजवेंद्र चहलने तीन बळी घेतले आणि ऑस्ट्रेलियाच्या गोटात कुरकुर झाली. नियम असूनही लोकांना हे खुपतं. गावच्या सामन्यात तर पोराला बसवायचं कुणी, हेच ठरलेलं नसतं.

ते तुम्ही ठरवा. डोक्याला मार लागला की त्या दिवशीचा खेळ संपला, मग अंतिम सामना का असेना. पहिला धक्का भरून यायच्या आत दुसरा बसला, तर कोवळ्या मेंदूला क्वचित का होईना, जिवावरची सूज येऊ शकते. पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मोबाइल कमी. मग शाळा, मग हलकं धावणं, आणि डॉक्टरांनी बघितल्यावरच पकड. मुलांना पूर्ण बरं व्हायला कधी कधी महिना लागतो. झोपू देऊ नये ही जुनी समजूत सोडा. हाक मारल्यावर जागं होतंय ना, एवढं बघा. पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झटका, असंबद्ध बोलणं, हातापायातली ताकद जाणं, कानानाकातून पाणी किंवा रक्त, जागं करता न येणं, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. १०८ लावा, नाहीतर गावातली जीप काढा.

आता पुढच्या आयुष्याचं. सतत ठोसे खाल्लेल्या मुष्टियोद्ध्यांची चाल आणि बोलणं बिघडतं, हे हॅरिसन मार्टलँड या अमेरिकी डॉक्टरने १९२८ मध्येच लिहून ठेवलं. २०१९ मध्ये स्कॉटलंडच्या माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंचा अभ्यास आला. स्मृतिभ्रंशासारख्या मेंदूच्या आजारांनी मरण्याचं त्यांचं प्रमाण इतरांच्या साडेतीन पट निघालं. त्याच खेळाडूंमध्ये हृदयविकाराने मरणारे मात्र कमी होते. हा आकडा वर्षानुवर्षं डोक्याने चेंडू मारणाऱ्यांचा आहे, तुमच्या पोराच्या हिवाळी कबड्डीला तो तसाच चिकटवू नका. त्यातून घ्यायचं एवढंच की धोका साठत जातो. एकदा आपटलं म्हणून पोर वाया जात नाही. दरवेळी झटकून पुन्हा उतरवलं तर हिशेब वाढतो.

आणि पोर आश्रमशाळेत असेल तर एक काम जास्तीचं. रविवारी सामन्यात डोकं आपटतं, सोमवारी ते वसतिगृहात परत जातं, तिथे कुणाला पत्ता नसतो. मग वर्गात डुलकी लागते, पाठांतर होत नाही, चिडचिड होते आणि आळशी म्हणून बोलणी बसतात. कधी, कुठे, कसं लागलं ते कागदावर लिहून अधीक्षकांच्या हातात द्या, एक प्रत खेळाच्या सरांना. लिहिता येत नसेल तर सोबत जाऊन तोंडी सांगा, पण पोरावर सोपवू नका. ते “काय नाय झालं” हेच सांगणार.